रापणीतला तनूचा वाटा

अकरा वर्षं मी शेवगाव तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवतेय. दर वर्षी फळ्यावर चंद्र काढते, पृथ्वी काढते, दोन्ही बाजूंना पाण्याचा फुगवटा काढते आणि भरती-ओहोटीचा धडा संपवते. पोरांना मार्कही चांगले पडतात. समुद्र मात्र मी या मे महिन्यापर्यंत पाहिला नव्हता. हे सांगायला मला लाज वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि तिथवर पोचेपर्यंतच्या सगळ्या सुट्ट्या रानात गेल्या. सहल कुठली आणि समुद्र कुठला.

बी.एड.ला असताना नगरच्या होस्टेलवर माझ्या खोलीत वैजू होती. वैजयंती, मालवणच्या खालच्या अंगाला समुद्रकाठच्या एका वाडीतली. तिचा नंबर नगरला लागला म्हणून ती आमच्या उन्हात येऊन पडली. वर्षभर तिनं माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि तेव्हापासून मला बोलावत राहिली. आता तिचं सासरही त्याच वाडीत आहे, आणि ती तिथल्याच शाळेत शिकवते. यंदा तिनं फोनवर सरळ सांगितलं, "सुरेखा, आता नाही आलीस तर पुन्हा बोलावणार नाही." मग मी तनूला घेऊन निघाले.

तनू माझी लेक, नऊ वर्षांची. तिच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण हे सगळं प्रवासवर्णन फिरून तिच्यावरच येणार आहे. ती जन्मली तेव्हाच मी ठरवलं होतं की हिच्या हाताला घट्टे पडू द्यायचे नाहीत. माझे पडले तेवढे पुरे. तिचा डबा मी भरते, दप्तर मी आवरते, केसही मीच विंचरते. तिनं फक्त अभ्यास करायचा. राज्यांच्या राजधान्या, तीसपर्यंतचे पाढे, सगळं तोंडपाठ. आणि दुसरं काहीही हातात द्या, की ती दोन पावलं मागं सरते आणि म्हणते, "मला नाही जमत." स्नेहसंमेलनात नुसती समई पेटवायची होती, तेही नाही जमत. हे वाक्य ती दिवसातून किती वेळा म्हणते हे अलीकडे माझ्या लक्षात यायला लागलं होतं, आणि ते तिला शिकवलं कोणी हेही. पण दुसऱ्या कोणी बोललं की मला राग यायचा.

निघताना सासूबाई दारात उभ्या होत्या. "पोरीला हापशाला लोंबकळून एक हंडा भरता येत न्हाई," त्या म्हणाल्या, "अन् समुद्र बघायला चालल्या मायलेकी."

मी पिशवीत बाजरीचं पीठ भरलं आणि एसटी गाठली.

वाडी, पहिला दिवस

प्रवासाचं काय सांगू. फोंडा घाटात तनूला दोनदा उलटी झाली, मला एकदा. घाट उतरलो तसं अंगातून घाम नुसता पाझरायला लागला. आमच्याकडे मे महिन्यात ऊन चटके देतं, पण घाम तिथल्या तिथं वाळतो. इथं माणूस दिवसभर ओलाच.

वैजूच्या घरी पोचल्यावर तिच्या सासूनं आधी पेज दिली. उकड्या तांदळाची, वर खोबऱ्याचा तुकडा आणि लोणच्याची फोड. तनूनं नाक मुरडलं. तेवढ्यात वैजूची मुलगी मिनू आली, आठ वर्षांची. तिनं स्वतःचं स्वतः वाढून घेतलं, उभ्यानं प्यायली, वाटी घासून पालथी घातली आणि म्हणाली, "आई, मी वेळेवर जातंय."

"वेळेवर म्हणजे किती वाजता?" मी विचारलं.

वैजू हसत सुटली. वेळ म्हणजे इथं समुद्राचा काठ.

"एकटी जाते?"

"एकटी कशानं? सगळी वाडी आहे तिथं."

मला ते पटलं नाही. आमच्याकडे शेततळ्याच्या कडेलाही आम्ही पोराला फिरकू देत नाही, तारेचं कुंपण घालतो. मी तनूचा हात घट्ट धरून मागोमाग निघाले.

समुद्राचं वर्णन मी करणार नाही, ते करणारे पुष्कळ आहेत. मी एवढंच म्हणेन की फळ्यावर काढलेल्या फुगवट्यात हा मावत नाही. 

काठावर रापण चालली होती. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. एका लांबलचक जाळ्याचं एक टोक काठावर ठेवायचं, होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत जायचं आणि दुसरं टोक लांब दुसरीकडे काठावर आणायचं. मग दोन्ही टोकांच्या दोरांना माणसं लागतात आणि ओढत ओढत जाळं वाळूवर आणतात. दोन-अडीच तासांचं काम. बाया, बाप्ये, म्हातारे, पोरं, सगळे दोराला. तान्ही पोरं माडाखाली जुन्या जाळ्याच्या झोळीत झोपलेली, आणि त्यांच्याजवळ कोणाची तरी आजी. एक लहानगा पाण्याकडे धावला तर त्याच्या आईनं वळूनही बघितलं नाही. चौथ्याच एका बाईनं त्याला दंडाला धरून मागं आणलं, पाठीत एक धपाटा घातला आणि परत दोर धरला. त्याच्या आईला त्याचं काही वाटलं नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या पोराला धपाटा घातला तर दोन्ही घरं महिनाभर बोलत नाहीत.

मी मोबाईलवर फोटो काढत होते. वळून बघते तर तनू जवळ नाही. मिनूच्या पाठीमागं दोराला धरून उभी. मी ओरडणार, तर वैजूनं माझा दंड धरला. "राहू दे गं. इथं सगळे बघतायत."

तासभर ती दोराला होती. जाळं आलं. फार काही नव्हतं, पेडवे नावाची बोटाएवढी चकचकीत मासळी आणि थोडे बांगडे. वाळूवर ढीग लागले. वाटणी करत होते बाबीकाका, वैजूचे चुलत सासरे. सत्तरी ओलांडलेले, उघडे, पोटावर सुरकुत्या. त्यांनी पोरांच्या रांगेत एक ढीग जास्त लावला, सात-आठ पेडवे आणि एक बांगडा, आणि तनूकडे बोट केलं. "ह्यो तुझो."

आणि मी पुढं झाले. "नको नको काका, राहू द्या. ती काय, खेळत होती."

बाबीकाकांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून तो ढीग उचलला आणि शेजारच्या पाटीत टाकला. झालं.

तनूनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही. ती रडली नाही. दोन्ही तळहात फ्रॉकला पुसले आणि घराकडे चालायला लागली.

दुसरा दिवस

"तू काय केलंस ते कळलं का तुला?" वैजू सकाळी बांगडे कापताना म्हणाली.

"अगं, आपण पाहुणे. पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं. आमच्याकडे चहासुद्धा तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतात."

"तुमच्याकडे तिसऱ्यांदा विचारतात. नगरला पहिल्या महिन्यात मी किती चहाला मुकले, आठवतंय? मी हो म्हणायचे तर तुम्ही हसायचा, नको म्हणायचे तर खरंच द्यायचा नाहीत." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "इथं जो दोराला हात लावेल त्याचा वाटा. पोर असलं तरी. आईबापानंसुद्धा तो घ्यायचा नाही, त्याचा त्यानं घरी आणायचा. आणि वाटा नाकारला म्हणजे हात लागलाच नव्हता. सगळ्या वाडीसमोर तू सांगितलंस की तुझ्या पोरीनं ओढलंच नाही."

मी तनूकडे बघितलं. ती पडवीत पाठ करून बसली होती. रात्री तिनं मासळीला हात लावला नव्हता, नुसता भात खाल्ला होता. मिनू हाका मारून गेली तरी तनू दोराला गेली नाही. "माझं ओढलेलं धरत नाहीत," एवढंच म्हणाली. मिनूबरोबर नुसती काठावर बसायला मात्र गेली, आणि दिवसभर दोघी येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं घेत बसल्या. कोण कोणाचा, कोणाला काय म्हणतात, मिनू सांगायची आणि तनू परत म्हणायची. पाठ करायची सवय, दुसरं काय.

मी बाबीकाकांना शोधत काठावर गेले. ते जाळं शिवत बसले होते. ओल्या वाळूत चपला काढल्या, पर्स त्यावर ठेवली आणि समोर बसले. आधी मी त्यांना माझी ओळख दिली, शिक्षिका आहे, भूगोल शिकवते. माणसानं आपली ओळख नीट द्यावी. मग म्हणाले, "काका, काल माझी चूक झाली. पोरीचा वाटा तिला द्या. कमी द्या, पण द्या."

"कालचो वाटो काल गेलो," ते सुई न थांबवता म्हणाले.

"मला रीत माहीत नव्हती. आमच्याकडे परत विचारतात."

"हंय परत इचारूची रीत नाय." मग त्यांनी सुई थांबवली. "तू कधी वाटो घेतलंस? तुझो स्वतःचो?"

मी हो म्हणणारच होते, तोच मला भुईमुगाच्या शेंगा आठवल्या. आमच्याकडे शेंगा तोडायला बाया लागतात त्यांना शेंगाच मिळतात, जेवढ्या तोडाल त्यातला वाटा. मी सातव्या वर्षापासून तोडायचे. माझ्या शेंगा आईच्या ढिगात पडायच्या. संध्याकाळी मालक आईचं नाव घ्यायचा, आणि शेंगा आईच्या पदरात. माझं नाव कधी कोणी घेतलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं होतं हेसुद्धा मी विसरून गेले होते. पुढं शिकले, नोकरी लागली, आणि मला वाटलं मला त्या कामाचाच राग आहे.

हे सगळं मी काकांना सांगितलं नाही. पण बहुधा माझ्या तोंडावर आलं असावं.

"उद्या रापण लागतली," ते म्हणाले. "चेडवाक घेवन ये. आणि तू गप रव." चेडू म्हणजे मुलगी, एवढं मला दोन दिवसांत कळलं होतं.

तेवढ्यात पलीकडून एक पोर ओरडलं, "मावशी, पाणी चढता."

मी वळले. माझी एक चप्पल पाण्यावर नाचत चालली होती, दुसरी दिसतच नव्हती. पर्स बाबीकाकांनी काठीनं ओढून घेतली म्हणून वाचली. भरती. अकरा वर्षं. त्या पोरानं विचारलं, "मावशी, तुमी काय शिकवतास शाळेत?" मी सांगितलं, गणित.

तिसरा दिवस

तनू आली, पण माडाखाली झोळ्यांपाशी बसून राहिली. "मी नाही. मला नाही जमत," म्हणाली. नेहमीचंच वाक्य, पण या वेळी ते खोटं होतं. तिला जमत होतं, तासभर जमलं होतं, आणि मी सगळ्यांसमोर ते पुसून टाकलं होतं.

मग मी काय करणार. साडी खोचली आणि दोर धरला.

आता मला ओढायचं शिकवायची कोणाला गरज नाही असं मला वाटत होतं. आडातून पाणी शेंदलेली मी. पाय रोवले, दात-ओठ खाल्ले आणि हिसका दिला. माझ्या पुढच्या बाईच्या हातातून दोर सटकला. तिनं मागं बघितलं. मी पुन्हा पाय रोवले, पुन्हा हिसका. मागचा म्हातारा काहीतरी पुटपुटला आणि दोन-चार जण हसले. मला कळेना काय चुकतंय. सगळा दोर संथ मागं सरकत होता आणि मी मध्येच खुंट्यासारखी उभी.

"आई, ओढू नको."

तनू उठून उभी राहिली होती.

"आई, ओढायचं नाही. चालायचं. दोर कमरेला लाव आणि मागं मागं चाल."

मी दोर कमरेशी घेतला आणि मागं चालले. दोर माझ्याबरोबर आला. हलका नव्हता, पण सगळ्यांचा मिळून येत होता.

"वर पोचलं की सोड," ती जवळ येत म्हणाली. "सोड आणि पळत पाण्याकडे जा. तिथून परत धर. असं." आणि तिनं पाण्यापाशी जाऊन माझ्या पुढचा दोर धरला, पाठ टेकवली आणि चालायला लागली.

अडीच तास. वर जायचं, सोडायचं, पळत पाण्याकडे, परत धरायचं. तनू पुढं, मी मागं. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि वेणी मीठ लागून ताठ झाली होती. एकदा तिनं तळहात बघितला. फोड आला होता. माझ्या तोंडात आलंच होतं, बस आता. मी जीभ चावली. तिनं हात खाऱ्या पाण्यात बुडवला, कळवळली आणि परत दोर धरला.

दोन्ही दोर जवळ जवळ आले. माणसं गुडघाभर पाण्यात उतरली. मग अचानक पाणीच उकळायला लागल्यासारखं झालं. जाळ्याच्या पोटात तारली, बांगडे, पेडवे, नुसती चांदी उसळत होती. बाबीकाकांनी डोक्याचा पंचा काढून हवेत फिरवला. काठावर बसलेली वाडीतली माणसंही धावत आली दोराला. शेवटची दहा पावलं ते जाळं एवढं जड झालं की मला वाटलं हात खांद्यातून निघतील. पण आलं. सगळं वाळूवर आलं आणि आम्ही सगळे तिथंच बसकण मारली.

ढीग लागले. पोरांची रांग वेगळी, मोठ्यांची वेगळी. एवढी मासळी आल्यावर कोणाचा ढीग कोणता यावर कुरकुर होऊ नये म्हणून तिथं एक रीत आहे. एकानं ढिगांकडे पाठ करून बसायचं. दुसरा एकेका ढिगावर हात ठेवून विचारणार, हा कोणाचा? पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. त्यानं जे नाव घेतलं त्याचा तो ढीग.

बाबीकाकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "भायलां माणूस बरां. ह्या चेडवाक कोणाचा देणा-घेणा नाय. नावां येतत हिका?"

"सगळी येतत," मिनू म्हणाली.

सगळे तनूकडे बघायला लागले. वीस-पंचवीस नावं, एकही सुटता कामा नये, एकही दोनदा येता कामा नये. तनू दोन पावलं मागं सरली. मला ती दोन पावलं चांगली ओळखीची. मी वैजूचा हात धरला आणि गप्प राहिले.  तिला कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तनू पुढं आली आणि ढिगांकडे पाठ करून वाळूत बसली.

"ह्यो कोणाचो?"

"मिनू."

"ह्यो कोणाचो?"

"बंड्या."

"ह्यो कोणाचो?"

"तनुजा," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही.

पोरांची रांग संपली, मोठ्यांची सुरू झाली. सावळो, आपा, गुणाकाकी, वैजू, लाडू मावशी. पाढे म्हणावेत तशी ती नावं घेत होती. ज्याचं नाव येई तो उठून ढीग उचले. मधेच एका म्हाताऱ्याचं नाव तिनं असं काही घेतलं की सगळे हसले, मिनूनं काल तिला त्याचं चिडवायचं नाव शिकवलं होतं. म्हातारा स्वतःही हसला आणि ढीग घेऊन गेला.

शेवटी एक ढीग उरला.

"ह्यो कोणाचो?"

तनू थांबली. तिची नावं संपली होती. बोटांवर तिनं परत मोजलं. मागं वळून बघायची मुभा नाही. मलाही कळेना कोणाचं राहिलं. मग ती म्हणाली, सगळ्यांची घेतली तशीच,

"सुरेखा."

माझ्या तोंडात तेच शब्द आलेच होते. नको, राहू द्या. जन्माची सवय. मी ते गिळले, पुढं झाले, पदर पसरला आणि माझा वाटा घेतला.

तनूनं तिचा वाटा फ्रॉकच्या ओच्यात घेतला आणि वाडीतून घरापर्यंत सगळ्यांना दिसेल असा नेला. वैजूच्या सासूनं तिच्या बांगड्यांचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, वेगळ्या भांड्यात केलं. मी बाजरीच्या भाकरी थापल्या. तनूनं काटे काढत, बोटं चाटत खाल्लं आणि अर्धा बांगडा मला दिला. मी तो मागितला नव्हता, आणि नाकारलाही नाही.

घरी

परत आलो तेव्हा आमच्या रानात उन्हाळी भुईमूग निघाला होता. वस्तीवरच्या बाया शेंगा तोडायला बसल्या होत्या, सासूबाई त्यांच्यात. तनू पिशवी टाकून तिथंच बसली. संध्याकाळी वाटे लागायच्या वेळी तिनं सगळ्यांना रीत समजावून सांगितली. लहान पोरींचे ढीग वेगळे, आयांच्या ढिगात घालायचे नाहीत. आणि ती पाठ करून बसणार.

"काय येड आनलं म्हनावं हे समुद्रावरनं," एक बाई म्हणाली. पण पोरी आधीच आपापल्या शेंगा आईच्या ढिगातून वेगळ्या करायला लागल्या होत्या. मग मीच ढिगांवर हात ठेवत गेले. तनूनं सगळ्यांची नावं घेतली. पोरी आपापला ढीग ओढणीत बांधून उड्या मारत निघाल्या.

एक ढीग मी मुद्दाम बाजूला लावला होता. त्यावर हात ठेवला. "हा कोणाचा?"

"द्वारका," तनू म्हणाली.

द्वारका हे माझ्या सासूबाईंचं नाव. दहा वर्षांत मी ते रेशनकार्डाशिवाय कुठं ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "मला कशाला? रान आपलंच हाय. नगं, ऱ्हाऊ दे."

तनू वळली. उठून आजीजवळ गेली, फोड बसून घट्टा पडायला लागलेला तिचा हात आजीच्या हातावर ठेवला.

"आजी, तू सकाळपासून तोडतीयस. नको म्हणायचं नाही. मी परत विचारणार नाही."

सासूबाईंनी तिचा तळहात उलटा करून बघितला, त्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि ढिगाजवळ जाऊन पदर पसरला.